पिवळं झालं की पाणी चांगलं

पाण्याचा पेला हातात दिला की ते आधी तो नाकाशी धरायचे. डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचे आणि मगच ओठ लावायचे. पहिल्यांदा ते आमच्या ओसरीवर बसले तेव्हा मला त्याचा रागच आला होता. चकचकीत घासलेला तांब्या, दोनदा गाळलेलं पाणी, आणि हा माणूस वास घेतो! माझा चेहरा पाहून ते ओशाळले. "बाई, मनावर घेऊ नका. आधी वास, मग घास, अशी सवयच पडली आहे. घरी बायकोनं केलेला चहासुद्धा असाच घेतो. ती अजून बोलते त्यावरून."

रेवा, सोहम, तुम्ही मला फोनवर दोनतीनदा विचारलंत, की आजी, तू बोलता बोलता ग्लासचा वास का घेतेस? तेव्हा मी हसण्यावारी नेलं. उत्तर लांब आहे, ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते. क्रमानेच सांगते. तुमची आई वाचून दाखवेल. गावाकडची बोली अडली तर तिला विचारा, तिला येते. तुमच्यासमोर ती बोलत नाही एवढंच.

हे गृहस्थ आमच्या आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक होते. नांदूरघाटचे राहणारे. आमच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली होती, शनिवारी घरी जायचे. त्यांचं काम म्हणजे आसपासच्या गावांतल्या विहिरी, हौद, टाक्या यांवर लक्ष ठेवायचं. विहिरीत टीसीएल टाकायची, म्हणजे ती पांढरी, उग्र वासाची जंतुनाशक पावडर. मग नळीत थोडं पाणी घेऊन त्यात एका बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, पावडर नीट मुरली, पाणी प्यायला हरकत नाही. पांढरंच राहिलं तर पुन्हा पावडर. ती बाटली सदैव त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. खिशाला त्यामुळे कायमचा एक डाग होता.

मी हायस्कूलात इंग्रजी शिकवत होते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, "बाई, एक तास द्या." माझ्या वर्गात ते मुलांना ती नळी दाखवायचे आणि सगळ्यांकडून घोकून घ्यायचे, "पिवळं झालं की पाणी चांगलं!" मुलं छप्पर उडवून देत. मला ती ओरड आवडत नसे, पण एक गोष्ट खरी. त्यांच्या आधी या भागात दर उन्हाळ्यात हगवणीनं लेकरं जायची. ते आल्यावर ते थांबलं. गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा रांजणाशी उभ्या राहून विचारू लागल्या, "पिवळं झालं का रे?"

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता डेअरीबद्दल. तुमचे आजोबा जनावरांचे डॉक्टर होते. तालुक्याच्या सहकारी दूध संघाचं आमच्या गावाबाहेर एक शीतकरण केंद्र होतं. सगळे त्याला नुसती डेअरी म्हणत. सकाळी सायकलींवरून, गाड्यांवरून किटल्या यायच्या, दुधातलं फॅट मोजून घ्यायला रांग लागायची, मापाड्याशी भांडणं व्हायची. आजोबा तिथेच बसत. त्यांच्या कपड्यांना दुधाचा आंबूस वास यायचा, धुऊनही जायचा नाही. त्या वासावर आमचा संसार झाला असं म्हटलं तरी चालेल. पुढे संघात राजकारण शिरलं. दूध संघ बुडाला. आजोबाही गेले. डेअरीला कुलूप लागलं आणि आवारात येड्या बाभळी उगवल्या.

काही वर्षांनी कुणीतरी ती इमारत भाड्यानं घेतली. औषधांचा छोटा कारखाना काढायचाय म्हणाले. गावाला बरं वाटलं. पोरांना काम मिळेल असं वाटलं. पण पोरांना काही त्यांनी आत घेतलं नाही. धुराड्यातून कधीमधी वास यायचा. कधी सडक्या फळासारखा, कधी मांजरीच्या मुतासारखा. आमचे हे सहायक तेव्हाच म्हणाले होते, "बाई, हा वास औषधाचा न्हाई." पण कारखान्याचा वास तपासणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

मग एका सकाळी पुण्याहून पोलीस आले. आत नशेची पावडर बनवत होते. माणसं धरली, यंत्रं, पिंप, बरण्या सगळं गाडीत भरून नेलं, दाराला सील लावलं. टीव्हीवर आमची डेअरी दिसली. दिवसभर गावात तेवढंच. महिनाभरानं सील निघालं, पंचनाम्याचं काम संपलं, पोलीस म्हणाले, आता इमारत तुमची तुम्ही बघा.

म्हणजे कुणी बघायचं? हाच प्रश्न आहे, मुलांनो. यंत्रं गेली होती. पण फरशीवर सांडलेलं, भिंतीत मुरलेलं, मागच्या खड्ड्यात ओतलेलं जे होतं ते कुणी पुरावा म्हणून नेलं नव्हतं. ते तसंच होतं.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. ऊस नव्हता, म्हणून ऊसतोडीला कोयते घेऊन गेलेली माणसं संक्रांतीनंतर लगेच परत आली. एरवी उन्हाळ्यापर्यंत अर्धं गाव रिकामं असतं, त्या वर्षी गाव भरलेलं आणि विहिरी रिकाम्या. पाणी होतं ते एकट्या डेअरीच्या विहिरीत, कारण ती ओढ्याच्या खोलगट अंगाला होती. तहसीलदारांनी ती विहीर ताब्यात घ्यायचा हुकूम काढला आणि डेअरीच्या आवारात जनावरांची छावणी घालायचं ठरलं.

आमचे सरपंच माझे विद्यार्थी. माणूस वाईट नाही. उलट कामाला हात घातला की ते उरकूनच उठणारा. छावणी लवकर सुरू व्हावी म्हणून त्यांनी रोजंदारीवर चार बाया लावल्या आणि डेअरी धुऊन घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. घर घाण झालं की आपण काय करतो? धुतो. लग्नाआधी कार्यालय धुतात तशी त्यांनी डेअरी धुतली. त्या पाणीटंचाईत टँकरचं पाणी ओतून, निरमा टाकून, खराट्यानं घासून. दुधाच्या काळापासूनच फरशीला उतार होता, गटार होतं. सगळं पाणी त्या उतारानं, त्या गटारानं निघालं आणि ओढ्याच्या अंगाला गेलं. विहीर तिकडेच.

आमचे सहायक दुसऱ्या दिवशी फिरतीवरून आले. मी त्या वेळी ओसरीवर तांदूळ निवडत होते. डेअरी धुतली हे कुणीतरी त्यांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी मोटरसायकल स्टँडला न लावताच सोडून दिली, ती आडवी पडली, आणि ते चालतच तिकडे गेले. परत आले तेव्हा पायरीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी वास घेतला नाही. पेला तसाच हातात धरून म्हणाले, "बाई, खोलीत होतं ते विहिरीत गेलं. खोलीला दार तरी होतं."

धुणाऱ्या बायांत कौसाबाई होती. ऊसतोडणीवरून परतलेली, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिचे डोळे आठ दिवस वाहत होते, घसा बसला होता. सहायक तिच्याकडे गेले. मीही बरोबर गेले होते, तिच्यासाठी थोडं तूप घेऊन.

"मावशी, हाताला मोजे दिले होते का? तोंडाला काही?"

"मोजे?" कौसाबाई घोगऱ्या आवाजात हसली. "साहेब, खराटा दिला हेच लई झालं. आन् तुमी का म्हून एवढं तोंड पाडून बसलाव? मी मेले न्हाई अजून."

"वास कसा होता आत?"

"आता कसा सांगू? गोड होता. डोळ्याला झोंबणारा गोड."

त्यांनी ते मनात लिहून घेतल्यासारखी मान हलवली. निघताना तिची सून दिसली, तिला पाचवा-सहावा महिना असावा. सहायक दारात थांबले. "मावशी, हिला डेअरीचं पाणी देऊ नका. बाकी कुणाचं मी सांगत न्हाई. हिला देऊ नका."

"मग कुठलं देऊ?" कौसाबाईनं विचारलं. साधंच विचारलं, टोचून नाही.

त्यांनी दारातल्या रांजणाकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

यानंतरचे काही आठवडे ते कचेऱ्या फिरले. मला रोज संध्याकाळी सांगायचे, कारण आमच्या गल्लीत ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. पोलीस म्हणाले, आमचं काम गुन्ह्याचं. प्रदूषणवाले म्हणाले, हा परवानगी घेतलेला कारखानाच नव्हता, तर आमच्याकडे त्याची फाइल कशी असेल? औषध प्रशासन म्हणालं, ती औषधं नव्हती. त्यांचे स्वतःचे वरिष्ठ म्हणाले, आपल्याकडे टीसीएल आहे ना, मग जास्त टाका. हे सांगताना ते हसत. एखाद्या लहान मुलानं शाळेतली गंमत सांगावी तसं सांगत. 

पाण्याचा नमुना घेऊन ते जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या माणसानं विचारलं, "काय शोधायचं?" हे म्हणाले, "त्या कारखान्यात वापरायचे ते." तो म्हणाला, "नाव सांगा. नावाशिवाय कसं शोधणार?" नाव पोलिसांच्या कागदात होतं, आणि कागद कोर्टात होते, केस चालू होती. शेवटी प्रयोगशाळेनं त्यांना जे तपासता येत होतं ते तपासलं आणि कळवलं, जंतू नाहीत, फ्लोराइड ठीक, नायट्रेट ठीक, पाणी पिण्यास योग्य.

तेव्हा मी तुमच्या आईला फोन केला होता. म्हटलं, तिकडे परदेशात, जिथे अशी नशेची पावडर बनवतात त्या घरांचं काय करतात ते शोधून पाठव. तिनं बरेच कागद पाठवले. मी ओसरीवर बसून ते एकेक करून मराठीत सांगितले. तिथे अशी जागा सापडली की आरोग्य खातं दारावर सूचना लावतं. शिकलेली, परवाना असलेली माणसंच साफसफाई करतात, तीही धुऊन नाही. आधी पुसून, खरवडून, बंद पिंपात भरून. मग दुसरीच माणसं येऊन तपासतात. आरोग्य खात्यानं लिहून दिल्याशिवाय आत कुणी राहायचं नाही.

ते मान खाली घालून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आणि तोवर तिथली माणसं पाणी कुठलं पितात, बाई?"

"नळाचं," मी म्हटलं.

ते हसले. वाईट हसले नाहीत, अगदी मायेनं हसले. जणू मीच परदेशातून आले होते.

त्यांच्या सहीवाचून टँकर भरता येत नव्हता. पिण्यास योग्य, असा दाखला हवा होता. त्यासाठी एक दिवस सरपंच त्यांना विहिरीवर घेऊन गेले. निम्मं गाव जमलं होतं. घागरींची रांग आधीच लागली होती. सरपंचांनी आदल्या दिवशी विहिरीत पावडरीचं अख्खं पोतं रिकामं केलं होतं. त्यांनी नळी मागितली, स्वतःच्या हातानं त्यात पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी उंच धरली. पाणी चांगलं हळदीसारखं पिवळं झालं.

"काय झालं रे?" सरपंचांनी विचारलं.

"पिवळं झालं!" गाव म्हणालं. आणि मग बायका, पोरं, म्हातारे, सगळे माझ्या वर्गातल्यासारखे एका सुरात ओरडले, "पिवळं झालं की पाणी चांगलं!"

कुणी टिंगल करत नव्हतं, हे मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे. ते त्यांना खूश करत होते. साहेबांचा धडा आम्हाला पाठ आहे, असं त्यांना दाखवायचं होतं. आमच्या शेजारची म्हातारी तर टाळ्या वाजवत होती.

सहायक नळीकडे बघत राहिले. म्हणाले, "हे फक्त पावडर दाखवतं. दुसरं कायच दाखवत न्हाई."

"मग दुसरं कोन दाखिवतं?" सरपंच म्हणाले. "जिल्ह्याचा रिपोर्ट आला न्हाई का? त्यात बी योग्य लिहिलंय. साहेब, तीस वर्सं तुमी सांगितलं आन् आमी ऐकलं. आज आमी तुमचंच तुमाला सांगायलो, तर तुमी न्हाई म्हनता."

"मला मालूम न्हाई, एवढंच म्हणतो. वाईट हाय असं बी म्हणत न्हाई. मालूम न्हाई."

"मालूम न्हाई यावर लेकरांची तहान भागत्या का?" हे रांगेतून कौसाबाई म्हणाली. "पानी दाखवा, साहेब. दुसरं पानी कुठं हाय ते दाखवा. मी ह्या घागरी इथंच फोडते आन् तिकडं येते."

सहायकांनी खिशातलं पेन काढलं आणि दाखल्यावर लिहिलं, वापरासाठी, पिण्यासाठी नाही. एवढंच त्यांच्या हातात होतं. टँकर भरायला तेवढं पुरलं, कारण दाखल्यावर सही होती, वर काय लिहिलंय ते कोण वाचतो?

त्यांनी स्वतःच्या हातानं एक पाटी रंगवली, 'हे पाणी पिऊ नये', आणि विहिरीशी रोवली. चार दिवसांत बायकांना ती पाटी सोयीची वाटू लागली. तिच्या खांबाला त्या पोहऱ्याचा दोर अडकवायच्या. कुणाची तरी शेळी कायम तिला बांधलेली असायची. छावणीतल्या बैलांनी पहिले दोन दिवस हौदाला तोंड लावलं नाही. फुरफुरून मागे सरायचे. सहायक म्हणाले, "बघा, जनावराला कळतं." सरपंच म्हणाले, "पावडरीचा वास हाय साहेब, तुमच्याच पावडरीचा." तेही खरं असू शकत होतं. शेवटी पाण्यात थोडी पेंड कालवली आणि बैल प्यायले.

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. दोन्ही त्यांच्या कामात बसत नव्हत्या.

पहिली. त्यांनी डेअरीची आतली मोठी खोली आणि मागचा खड्डा स्वतः खरवडला. मजूर लावायला ते तयार नव्हते. म्हणाले, कुणाच्या जिवावर लावू? माझ्याकडून कागदातलं पुन्हा वाचून घेतलं, पाणी न वापरता कसं करायचं ते. तोंडाला ओला रुमाल, हातात रबरी मोजे आणि गवंड्याची थापी. रविवारी रविवारी जायचे. जे निघालं ते सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून, तोंडं शिवून, त्याच खोलीत रचलं, कारण ती पोती न्यायला कुणी येणार नव्हतं. खोलीला कुलूप लावलं. किल्ली खिशात, बाटलीशेजारी.

दुसरी गोष्ट, ते रोज सकाळी पाण्याचा एक कॅन आणायचे. त्यांच्या नांदूरघाटच्या घरी बोअरला अजून थोडं पाणी होतं. त्या उन्हाळ्यात ते रोज घरी जायचे आणि सकाळी मोटरसायकलला कॅन बांधून यायचे. तो कॅन कौसाबाईच्या सुनेसाठी. कौसाबाई आधी अवघडली, मग घ्यायला लागली. "साहेबांचं पानी" असं म्हणून घ्यायची, देवाचं तीर्थ घ्यावं तसं.

एकदा मीच तिच्या घरी गेले होते, तेव्हा ते कॅन घेऊन आले. कौसाबाईनं तो घेतला आणि आमच्या डोळ्यांदेखत झाकण काढून दारातल्या रांजणात ओतला. रांजण डेअरीच्या पाण्यानं अर्धा भरलेला होता.

ते जागच्या जागी उभे राहिले. "मावशी, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हे सुनेसाठी आणतो मी. तिच्या एकटीसाठी."

"अवो, एकटीला कसं देऊ?" कौसाबाईला खरंच कळत नव्हतं. "घरात समदी हाईत. म्हातारा हाय, धाकली नातवंडं हाईत. एकटीच्या तोंडाला चांगलं पानी लावायचं आन् बाकीच्यांनी बघत बसायचं? रोजच रांजनात वतते. समद्यांना थोडं थोडं चांगलं."

दारात सून उभी होती. ती म्हणाली, "मला बी एकटीला गोड लागलं नसतं."

त्यांनी रिकामा कॅन उचलला. परतताना गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "बाई, यांना मी काय सांगू? यात चुकलं कुठं, ते मला सांगता येईना." मला वाटलं, आता ते थांबवतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलचा आवाज आलाच. पाऊस पडेपर्यंत रोज आला. रोज तो कॅन रांजणात गेला.

सुनेला मुलगी झाली. जरा बारकी, पण त्या वर्षी सगळ्यांचीच लेकरं बारकी झाली. आता ती शाळेत जाते, चुणचुणीत आहे. आमच्या सहायकांचं मात्र तिच्याकडे बघणं कधी संपलं नाही. कुठेही दिसली की थांबवायचे, "ए, इकडं ये. नाव सांग. दहापर्यंत म्हण." ती म्हणून दाखवायची आणि पळायची. ते डोळे बारीक करून तिच्या पाठीकडे बघत राहायचे. गावात त्यानंतर दोघातिघांना पोटाचे, मूत्रपिंडाचे आजार झाले. ते तसेही होतात. त्यांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारलं, डेअरीचं पाणी किती दिवस प्यायलात. लोकांनी प्रेमानं सांगितलं, "साहेब, समदं गाव प्यालं की." त्यातून त्यांना काहीच ठरवता आलं नाही. पाणी खराब होतं की नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही कळलेलं नाही.

निवृत्त झाले तेव्हा त्यांनी नव्या माणसाला सगळा चार्ज दिला, नळ्या, बाटल्या, पावडरीचा साठा. किल्लीही पुढे केली. नवा माणूस म्हणाला, ही यादीत नाही, मी घेऊ शकत नाही. पंचायतीत गेले, तर म्हणाले, इमारत संघाची. संघ तर बुडालेला. म्हणून किल्ली त्यांच्याकडेच राहिली. जवळच्या युसूफ वडगावच्या बाजाराला आले की ते वाट वाकडी करून डेअरीकडे जायचे, कुलूप ओढून बघायचे, दाराच्या फटीला नाक लावायचे आणि मग आमच्याकडे चहाला यायचे. पोरं हसायची. सरपंचही हसायचे, पण एकदा त्यांनीच कुणालाही न सांगता ते जुनं कुलूप काढून नवं, मोठं बसवलं आणि किल्ली साहेबांना नेऊन दिली. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

शेवटी आले ते गेल्याच्या गेल्या वर्षी. थकले होते, मुलानं स्कूटरवरून आणून सोडलं होतं. मी पाणी दिलं. त्यांनी नेहमीसारखा पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि मग तसाच पेला माझ्यापुढे केला. "बाई, तुम्ही घ्या वास."

मला कळेना. ते म्हणाले, "माझं गेलं. वास येतच न्हाई. लई वर्षं झाली, हळूहळू गेलं. मी कुणाला बोललो न्हाई."

मी पेल्याचा वास घेतला. माठाचा, मातीचा होता. सांगितलं. मग ते प्यायले.

थोड्या वेळानं म्हणाले, "एक काम होतं. माझ्यासंगं डेअरीवर येता का? आता मी फटीला नाक लावतो तर मला काहीच येत न्हाई. पण वास गेला, का माझंच नाक गेलं, ते मला कसं कळणार?"

आम्ही दोघं चालत गेलो. ऊन उतरलं होतं. दोघांचेही गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे वाटेत दोनदा टेकलो. विहिरीला पाणी होतं. पाटीवरची अक्षरं उडाली होती, पण खांबावर दोराची खाच अजून दिसत होती. दारासमोरच्या बाभळी त्यांनी काठीनं बाजूला केल्या. "वाका जरा, बाई. खालच्या फटीशी जास्त येतो."

मी वाकले. नाक फटीला लावलं आणि श्वास आत घेतला. धूळ होती, उंदरांचा वास होता. आणि त्यामागे काहीतरी आंबूस, गोडसर. मी पुन्हा घेतला. आजोबांच्या शर्टाला यायचा तसा. मला उगीचच भरून आलं.

मागे ते कुलपावर हात ठेवून उभे होते. माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेतलं पोर निकालाकडे बघतं तसे. "काय येतं?"

"दुधाचा वास येतो," मी म्हटलं.

 "बाई," ते हळूच म्हणाले, "दूध बंद होऊन लई वर्षं झाली."

"हो. पण तसाच येतो."

"गोड?"

"गोड. आंबूस."

"डोळ्याला झोंबतं का?"

माझे डोळे तर आधीच भरलेले होते. मी त्यांना काय सांगणार?

ते माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं, घट्ट होतं, आणि म्हणाले, "राहू द्या. चला, पोरगा वाट बघत असेल."

त्या पावसाळ्यात ते गेले. किल्ली त्यांच्या मुलानं मला आणून दिली. म्हणाला, "बाबा म्हणाले, बाईंना द्या, त्यांचं नाक चांगलं हाय."